बियाण्यांची देवघेव

मराठीत 'वाण' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. भाताचा, वालाचा किंवा वांग्याचा विशिष्ट प्रकार तो वाण. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवास सुवासिनी एकमेकींना जे देतात तेही वाणच. या दोन शब्दांची कुळे कोणतीही असोत, पिकांच्या व्यवहारात हे दोन्ही अर्थ एकमेकांना लागूनच राहिले आहेत. अगदी अलीकडचा काळ सोडला तर बियाणे ही दुकानातून आणावयाची वस्तू नव्हती. घरच्या पिकातून ते राखावयाचे, आपल्याकडचे बुडाले तर शेजारी मागावयाचे, आणि कोणी मागावयास आले तर मूठभर द्यावयाचे, अशी रीत होती. आज परसात, कुंपणाशी किंवा शहरातल्या गच्चीवर बाजारात न मिळणाऱ्या भाज्या लावून त्यांचे बी धरणारी आणि एकमेकांस वाटणारी मंडळी पुन्हा दिसू लागली आहेत. वरवर पाहणाऱ्यास हा केवळ हौसेचा उद्योग वाटेल. परंतु जो वाण एकाच घरी राहतो तो फार काळ राहत नाही आणि जो दहा घरी जातो तो टिकतो, या अनुभवामागे वनस्पतींच्या जीवनक्रमातील निश्चित कारणे आहेत. ती एकदा ध्यानात आली की बियाण्यांची देवघेव हा निव्वळ शिष्टाचार नसून रक्षणाचाच एक उपाय आहे, हे उमजते.

परसबाग ही या वाणांची खरी पेढी होती. मांडवावर पडवळ, दोडका आणि घोसाळे. कोकणात पावसाळी तवसे आणि चिबूड. कुंपणावर अबईच्या लांबरुंद शेंगा, चार पंखांसारख्या कडा असलेला चौधारी घेवडा आणि वालाचे नाना रंग. वाफ्यात चाकवत, चंदनबटवा, अंबाडी, पोकळा, राजगिरा. आणि न पेरता उगवलेली घोळ. कडेला ओवा, शेपू, सब्जा, गवती चहा. यांतील पुष्कळशा भाज्या बाजारात क्वचितच दिसतात, याचे कारण त्यांची चव नव्हे. बाजाराला एका आकाराचा, एका वेळी तयार होणारा आणि दूरचा प्रवास सोसणारा माल लागतो. चाकवताची जुडी दुपारपर्यंत मान टाकते, आणि घोळीला मुंबईपर्यंत नेण्याइतका भाव नसतो. अशा भाज्या कोणी बंद पाडल्या असे नाही. एका घरात एका वर्षी त्या पेरावयाच्या राहिल्या, दुसऱ्या घरातील वृद्ध स्त्री गेली, तिसऱ्या घराचे परस बांधकामात गेले. आणि एके दिवशी गावात त्यांचे बी कोणाकडेच उरले नाही. वाण नाहीसा होतो तो असा निःशब्दपणे.

लोकाचाराने या परसबागेला काही काळ आधार दिला होता. ऋषिपंचमीच्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही, असा नेम महाराष्ट्रात आहे. त्या दिवशीच्या भाजीत अळू, सुरण, लाल भोपळा, पडवळ, माठ असे जे जे पडते ते हाताने खणलेल्या जमिनीतले असावे लागते. वर्षातून एक दिवस का होईना, या नेमामुळे परसातल्या भाजीस मान मिळत राहिला. नवरात्रातील घटापाशी पेरलेले धान्य किती जोमाने उगवते हे पाहणे ही तर उघडच बियाण्याची परीक्षा होय. नेम सैल झाले आणि घटापुढची मूठ दुकानातल्या पुडीतून येऊ लागली, तेव्हा हा आधारही कमी झाला.

दुकानातल्या पुडीविषयी प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. पुडीतले सारेच बी पुढील वर्षासाठी निरुपयोगी असते असे नाही. बियाण्याचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. ज्याचे बी पेरले असता आईबापांसारखीच संतती होते त्यास सरळ वाण म्हणतात. जुने गावरान वाण आणि शेतकी विद्यापीठांनी निवडीने तयार केलेले अनेक सुधारित वाण या वर्गात येतात. दुसरा वर्ग संकरित वाणांचा. दोन निराळ्या, शुद्ध राखलेल्या कुळींचा दरवर्षी नव्याने संकर करून हे बी तयार करतात. पहिल्या पिढीची झाडे एकसारखी, जोमदार आणि पुष्कळ फळणारी असतात, आणि त्यांचा हा गुण नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांचे बी धरून पेरले तर दुसऱ्या पिढीत आजोबा-आजींचे गुण विखरून बाहेर पडतात. कोठे उंच झाड, कोठे बुटके, कोठे लांब फळ तर कोठे गोल. म्हणून संकरित बियाण्याचा शेतकरी दरवर्षी दुकानाशी बांधला जातो. ज्यास बी धरावयाचे आहे त्याने आरंभच सरळ वाणापासून करावा.

त्यानंतर पाहावयाचे ते फुलाचे वर्तन. वाटाणा, श्रावणघेवडा, मेथी, गवार आणि टोमॅटो या झाडांच्या फुलांत पराग त्याच फुलातल्या स्त्रीकेसरावर पडून फळ धरते. यांना स्वपरागी म्हणतात, आणि नवख्या माणसाने बी धरावयास यांपासूनच शिकावे. शेजारी दुसरा वाण असला तरी भेसळीचे भय थोडे. वाल-पावटाही बहुतांशी याच वृत्तीचा. भुंगे-मधमाश्या त्याच्या फुलांवर येतात, पण संकर थोडा होतो. वांगी, मिरची आणि भेंडी ही मधली मंडळी. ती स्वतःच्या परागाने फळतात, तरी मधमाश्या इकडचा पराग तिकडे नेतातच. तिखट आणि भाजीची मिरची शेजारी लावून बी धरले तर पुढील वर्षी भाजीच्या मिरचीने डोळ्यांत पाणी आणले म्हणून नवल वाटावयास नको. येथे उपाय सोपा आहे. बियासाठी निवडलेल्या फांदीवर कळ्या असतानाच मलमलीची पिशवी चढवावी, फळ धरले की काढावी आणि ओळखीसाठी देठाला दोरा बांधावा.

मुळा, कांदा, पालक आणि काकडी-भोपळ्यांचे सारे कूळ मात्र परपरागी आहे. पालकाचा पराग वाऱ्यावर जातो, तर वेलभाज्यांचा कीटकांच्या अंगावर. वेलींवर नरफूल निराळे आणि मादीफूल निराळे असते. मादीफुलाच्या तळाशी चिमुकले फळ दिसते, त्यावरून ते ओळखावे. लाल भोपळा आणि काकडी यांची फुले सकाळी उमलतात. दुधी, पडवळ आणि दोडका यांची सायंकाळी. उमलण्यापूर्वी काही तास नर आणि मादी अशा दोन्ही कळ्यांची तोंडे दोऱ्याने हलकेच बांधावी. उमलण्याच्या वेळी नरफूल तोडून त्याचा पराग मादीफुलावर टेकवावा आणि मादीफूल पुन्हा बांधून टाकावे. असे धरलेले फळ वेलीवरच पूर्ण जून होऊ द्यावे. खाण्याजोगी कोवळी काकडी बियासाठी कामाची नाही. ती पिवळी पडून साल कठीण होईपर्यंत वेलीवर राहिली पाहिजे. दोडका तर वेलीवरच वाळून आत बी खुळखुळू लागले म्हणजे तोडावा.

या वेलींविषयी काही समजुती चुकीच्या आहेत. काकडीशेजारी चिबूड लावला म्हणून काकडी बिघडली, असे पुष्कळदा ऐकू येते. वस्तुतः या दोन भिन्न जाती असून त्यांचा आपसांत संकर होत नाही. दुधी आणि लाल भोपळा यांचाही होत नाही. दुसरे असे की, परका पराग पडल्याने त्याच वर्षीच्या काकडीची चव बदलत नाही. त्याचा परिणाम तिच्या बियांतून, म्हणजे पुढच्या पिढीत दिसतो. एक धोका मात्र खरा आहे आणि तो गंभीर आहे. रानटी, कडू जातभाईशी संकर झालेल्या दुधीच्या बियांपासून विषारी कडू फळे येऊ शकतात, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावल्याच्या घटना भारतात घडलेल्या आहेत. म्हणून ज्या वेलीचे बी धरावयाचे तिच्या फळाचा तुकडा आधी जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा, ते फळ खाऊ नये आणि त्या वेलीचे बी कोणास देऊ नये. बियाण्याची देवघेव ही विश्वासाची देवघेव असते, ती या अर्थाने.

बी धरताना होणारी आणखी एक सर्वसाधारण चूक म्हणजे उरलेले फळ बियाला ठेवणे. पहिली, सरळ, सुंदर फळे पानात वाढली जातात आणि हंगामाच्या शेवटी वेलीवर राहिलेले वेडेवाकडे फळ बियासाठी राखले जाते. असे चार-पाच वर्षे चालले तर वाण खालावतो, आणि मग गावरान बी निकस असते असा ठपका येतो. पालेभाजीत हीच चूक उलट्या बाजूने घडते. ज्या झाडाला सर्वांआधी तुरा येतो त्याचेच बी आधी हाती लागते. पण ते धरल्यास लवकर तुऱ्यावर जाणारी, म्हणजे थोडेच दिवस पाला देणारी संतती निवडली जाते. म्हणून उत्तम झाड आरंभीच हेरून त्यास खूण करावी आणि त्याला हात लावू नये. पाने आकसलेल्या, चट्टे पडलेल्या झाडाचे बी कधीही ठेवू नये. काही रोग बियांतूनच पुढच्या पिढीत उतरतात.

एकट्या घराच्या मर्यादा दिसून येतात त्या येथेच. वाटाणा किंवा टोमॅटो यांचा वाण थोड्या झाडांवरही शुद्ध राहतो. मुळा, कांदा, मका यांसारख्या परपरागी पिकांत मात्र मोजक्याच झाडांपासून वर्षानुवर्षे बी धरले तर जवळच्या नात्यातील संकराने जोम ओसरत जातो. त्यांना पुष्कळ झाडांचा मेळा लागतो, आणि एवढी जागा लहानशा परसात नसते. पूर्वी ही अडचण जाणवत नसे, कारण एकाच वाणाची झाडे गावातल्या अनेक परसांत विखुरलेली असत आणि त्यांचे बी दर दोन-तीन वर्षांनी या घरून त्या घरी जात असे. म्हणजे वाण घराचा नसून गावाचा असे. आजच्या हौशी माणसाने हेच करावयाचे आहे. सारे वाण आपल्या घरी गोळा करण्यापेक्षा चार घरांनी मिळून एक वाण सांभाळणे अधिक शहाणपणाचे.

काही भाज्यांचे बी नव्हे तर कंद फिरतात. सुरण, अळू आणि कोनफळ ही तशी उदाहरणे. करटोलीची गोष्ट विशेष आहे. तिच्यात नरवेल निराळी आणि मादीवेल निराळी असते. बी सहजी रुजत नाही, म्हणून ती कंदांपासून लावतात. कोणी प्रेमाने चार कंद द्यावे, ते चारही मादीवेलींचे निघावे आणि फुले येऊनही फळ धरू नये, असे अनेकांच्या बाबतीत होते. सुमारे दहा मादीवेलींस एक नरवेल पुरते; परंतु ती एक हवीच. देणाऱ्याने कंदांवर खूण करून द्यावी.

बी धरले की त्याचा मोठा शत्रू म्हणजे ओलावा. टोमॅटो आणि काकडी यांच्या बियांवरचा बुळबुळीत थर गर दोन दिवस आंबवून काढून टाकावा आणि बी धुऊन सावलीत पसरावे. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर बी वाळविणे घातक असते. भोपळ्याचे बी वाकविले असता लवचीकपणे वळले तर ते ओले आहे. कट्‌कन मोडले म्हणजे साठविण्यास योग्य झाले. साठवणशास्त्राचा एक ठोकताळा असा आहे की, ठरावीक मर्यादेत बियातील ओलावा १ टक्क्याने घटला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि तापमान ५ अंश सेल्सियसने उतरले तरी तेच घडते. चुलीवरच्या धुरात टांगलेला दुधी, राखेत मुरविलेला वाल, गवताच्या मुडीत बांधलेले भाताचे बी, या जुन्या पद्धतींत हेच तत्त्व निराळ्या साधनांनी पाळले जात होते. आज घट्ट झाकणाच्या बाटलीत तळाशी भाजून गार केलेले मूठभर तांदूळ घालून वर कागदात बांधलेले बी ठेवले तरी ते काम साधते, कारण तांदूळ आतला ओलावा शोषून घेतात. कांद्याचे बी वर्षभरातच क्षीण होते, तर टोमॅटो आणि काकडी यांचे नीट ठेवल्यास चार-पाच वर्षे टिकते. कोणास देण्यापूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून किती मोडावतात ते पाहावे.

देताना पुडीवर चार गोष्टी लिहिलेल्या असाव्या: वाणाचे नाव, गाव, बी धरल्याचे वर्ष आणि पेरणीचा महिना. यांतील गावाचे नाव ही औपचारिकता नव्हे. वालाचे जुने वाण आणि चौधारी घेवडा दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. कोकणातले असे बी दिल्लीच्या मराठी कुटुंबाने पेरले तर वेल मांडवभर पसरेल, पण ती फुलावर येते तोच थंडीचा कडाका गाठील. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा निरनिराळ्या हवेत राहणाऱ्यांनी आणलेल्या बियांतून त्या त्या ठिकाणी तगलेल्या झाडांचेच बी धरीत गेले पाहिजे. काही वर्षांत तो वाण तेथलाही होऊ लागतो. परदेशातील आप्तांकडून मात्र पत्रातून बी मागवू नये. बियांबरोबर नवे रोग येऊ नयेत म्हणून भारतात वनस्पतींच्या आयातीस परवाना आणि तपासणी आवश्यक केलेली आहे.

या देवघेवीचे मोठे कार्य आपल्याच देशात उभे राहिलेले आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे यांनी शाळेत न जाता वडिलांच्या शिकवणीतून आणि स्वतःच्या निरीक्षणातून वाल-घेवड्याचे, भाताचे आणि भाज्यांचे गावरान वाण राखले. 'बायफ' या संस्थेचे साहाय्य मिळाल्यावर त्यांच्या घरची बीजपेढी अनेक गावांची झाली. घेतलेल्या बियाण्याच्या दुप्पट परत आणून द्यावे, असा तिचा साधा व्यवहार. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेलंगणात झहीराबादच्या परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित स्त्रियांनी ज्वारी-बाजरी, राळा आणि कडधान्ये यांच्या वाणांच्या पेढ्या चालविल्या. बियाण्यांनी सजविलेल्या बैलगाड्यांची त्यांची जत्रा गावोगाव फिरते. टिहरी गढवालात १९८० नंतरच्या दशकात 'बीज बचाओ आंदोलना'ने एकाच शेतात बारा धान्ये घेण्याची 'बारानाजा' पद्धती आणि राजम्याचे वाण पुन्हा लोकांपुढे आणले. यांपैकी कोणीही बियाणे कपाटात कुलूपबंद केले नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

हा अनुभव भारतापुरता नाही. अमेरिकेत १९७५ साली डायेन आणि केंट व्हीली या दांपत्याने 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' या संस्थेचा आरंभ केला तो डायेन यांच्या आजोबांनी दिलेल्या दोन वाणांच्या बियांवरून. ती फुलवेल आणि तो गुलाबी टोमॅटो कुटुंबाच्या पूर्वजांनी बव्हेरियातून आणला होता. शास्त्रज्ञांच्या मोठ्या संग्रहांनाही हाच नियम लागू पडला. सीरियात अलेप्पोजवळच्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राने आपल्या बियांचे नमुने नॉर्वेतील स्वालबार्ड येथे २००८ साली उघडलेल्या हिमभांडारात ठेवावयास दिले होते. युद्धामुळे अलेप्पोचा संग्रह वापरणे अशक्य झाले, तेव्हा २०१५ साली तेथून बी परत मागवून लेबानन आणि मोरोक्को येथे ते वाढविण्यात आले, आणि २०१७ पासून नव्या पिढीचे बी पुन्हा स्वालबार्डला जाऊ लागले. दुसरीकडे दिलेले होते म्हणून ते राहिले. भारतातही १९७६ साली स्थापन झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या भांडारात चार लाखांहून अधिक नमुने गोठवून ठेवलेले आहेत. त्यांचे मोल फार मोठे आहे. तथापि गोठलेले बी बदलत्या पावसाशी, नव्या किडीशी जुळवून घेत नाही. ते काम दरवर्षी मातीत पडणारे बीच करू शकते. आणि अंबाडीची भाजी कशी करावी, अबईच्या शेंगेच्या शिरा केव्हा काढाव्या, हे ज्ञान कोणत्याही भांडारात गोठवून ठेवता येत नाही.

या जुन्या रीतीला भारतात कायद्याचेही संरक्षण आहे. २००१ सालच्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार, शेतकऱ्यास आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. कायद्याने संरक्षित केलेल्या वाणाचे बी मात्र त्यास छापील नाममुद्रेखाली विकता येत नाही. जगातल्या अनेक देशांत शेतकऱ्याचा हा हक्क एवढ्या स्पष्टपणे लिहिलेला नाही.

परंतु हक्क कागदावर असून भागत नाही. तो बजावणारे हात लागतात. प्रत्येक घराने शंभर वाण सांभाळावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. एका कुटुंबाने एक वाल, एक पडवळ किंवा एक चाकवत मनापासून सांभाळावा, त्याची चव, वेळ आणि गुणदोष ओळखावे, उत्तम झाडाचे बी धरावे आणि पहिली मूठ घरात ठेवून दुसरी शेजारी द्यावी, एवढे पुरेसे आहे. कधी अतिवृष्टीने, कधी उंदरांनी, कधी नुसत्या विसराळूपणाने घरचे बी जाईल. त्या वर्षी ज्याच्या दारी मागावयास जाता येईल असा शेजारी असणे, हीच त्या वाणाची खरी साठवण होय.